दवाखान्यातला समुपदेशक व्हायचंय? कोल्हापुरातून सुरुवात अशी करा

खासगी समुपदेशन केंद्रात येणारा माणूस निदान घरातून ठरवून निघालेला असतो. दवाखान्यात तसं नसतं. तिथं माणूस साखर वाढली म्हणून येतो, छातीत धडधडतं म्हणून येतो, क्षयरोगाच्या गोळ्या न्यायला येतो, बाळंतपणाला येतो. डॉक्टर केसपेपरवर काहीतरी लिहितात आणि म्हणतात, "जरा पलीकडच्या खोलीत बोलून या." तो तुमच्यासमोर बसतो, पण तुमच्याकडे आलेला नसतो. त्याचं निम्मं लक्ष औषधाच्या रांगेत असतं आणि निम्मं गावाकडच्या शेवटच्या एसटीत.

या माणसाशी पंधरा-वीस मिनिटांत कामाचं बोलता येणं हे दवाखान्यातल्या समुपदेशकाचं मूळ कौशल्य आहे. मानसशास्त्राची पदवी हातात असलेली मुलंमुली इथंच अडखळतात, कारण वर्गात त्यांनी तासभराची, निवांत खोलीतली बैठक शिकलेली असते. कोल्हापूर जिल्ह्यात राहून या क्षेत्रात यायचं असेल तर कुठल्या क्रमानं काय करावं, ते पुढे लिहितो आहे.

आधी दारं ओळखा

समुपदेशकाची गरज एकट्या मानसोपचार विभागाला नसते. सीपीआरसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग आहेच. पण एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्र, एचआयव्हीची औषधं देणारं एआरटी केंद्र, क्षयरोग विभाग, असंसर्गजन्य आजारांचा कक्ष, प्रसूती विभाग आणि किशोरवयीनांसाठीचं मैत्री क्लिनिक या सगळ्या ठिकाणी बोलणारा माणूस लागतो. कदमवाडीच्या डी. वाय. पाटील रुग्णालयासारखी खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, इचलकरंजीचं आयजीएम रुग्णालय आहे, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय आहे. कर्करोग, डायलिसिस, वंध्यत्व उपचार इथंही काम आहे. व्यसनमुक्ती केंद्रं वेगळीच.

प्रत्येक दाराची भाषा निराळी. एचआयव्ही समुपदेशकाला तपासणीआधीचं आणि निकालानंतरचं बोलणं ठरलेल्या टप्प्यांत करावं लागतं. मधुमेहाच्या कक्षात इन्सुलिनच्या सुईची भीती आणि घरच्या चुलीवरचा भात हाच विषय असतो. म्हणून "मला काउन्सेलिंग करायचंय" एवढंच न म्हणता, कुठल्या रुग्णांसोबत, ते दोन-तीन पर्यायांपर्यंत आणून ठेवा.

शिक्षण निवडताना घाई करू नका

मुख्य रस्ते दोन. एक मानसशास्त्राचा. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत हा विषय घेऊन पदवी करता येते आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. दुसरा समाजकार्याचा, म्हणजे एमएसडब्ल्यू. कोल्हापुरात सायबर या संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. दवाखान्यातल्या कामासाठी एमएसडब्ल्यूवाल्यांना एक फायदा असतो: क्षेत्रकार्य सक्तीचं असल्यामुळे रुग्णाचं घर, रेशनकार्ड, सरकारी योजना हे त्यांना पहिल्या वर्षापासून बघायला मिळतं. परिचारिका, आशाताई किंवा समुदाय आरोग्य अधिकारी असाल तर तुमच्याकडे रुग्णाच्या सहवासाचा अनुभव आहेच, त्यावर प्रशिक्षणाची भर घालायची.

आता कायद्याचं. स्वतःला 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडची नोंदणी लागते. समुपदेशनाचा डिप्लोमा घेऊन ती पाटी लावता येत नाही. दुसरा कायदा 2021 चा, नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स. त्यात वर्तन-आरोग्याचा गट पहिल्यांदाच ठळकपणे आला: मानसशास्त्रज्ञ, एकात्मिक वर्तन-आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्यकर्ते, एचआयव्ही आणि कुटुंबनियोजन समुपदेशक, मानसिक आरोग्य साहाय्यक. या कायद्यानं शिक्षणाचे किमान तासही बांधून दिले. सहयोगी व्यावसायिकासाठी 2,000 तास, आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी 3,600 तास. 'तीन आठवड्यांत प्रमाणित समुपदेशक' अशी जाहिरात दिसली की हे आकडे आठवावेत.

याच कायद्यामुळे दुसरी एक गोष्ट बदलली आहे आणि ती पुष्कळांच्या कानावर अजून आलेली नाही. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगानं मानसशास्त्रासह या क्षेत्रातले अभ्यासक्रम दूरशिक्षणानं किंवा ऑनलाइन चालवायला मनाई केली. नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करायचा बेत असेल तर प्रवेशाचे पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर सद्यस्थिती तपासा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

छोटे अभ्यासक्रम निरुपयोगी असतात असं मी म्हणत नाही. मूळ पदवीवर ते छान बसतात. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेची डिजिटल अकादमी समाजकार्यकर्ते, परिचारिका आणि मानसशास्त्रज्ञांसाठी प्रशिक्षण देते. व्यसनांच्या कामासाठी 1986 पासून काम करणारं पुण्याचं मुक्तांगण आणि साताऱ्याची परिवर्तन ही आपल्या भाषेतली, आपल्या माणसांतली ठिकाणं आहेत. ठाण्याची आयपीएच ही संस्था 1990 पासून मनआरोग्याचं काम मराठीत करते आहे. मराठीत शिकणं महत्त्वाचं, कारण रुग्ण मराठीत रडतो.

पहिले काही आठवडे फक्त बसून बघा

प्रशिक्षणार्थी म्हणून परवानगी मिळाली की लगेच रुग्ण मागू नका. नोंदणीच्या खिडकीपाशी उभे राहा, रक्त तपासणीला किती वेळ लागतो ते बघा, औषधं कुठं मिळतात, महात्मा फुले योजनेचा कक्ष कुठं आहे, शववाहिकेसाठी कोणाला विचारायचं हे माहीत करून घ्या. वॉर्डातल्या सिस्टरांशी आणि मावशींशी ओळख करा. कुठल्या कॉटवरचा रुग्ण दोन दिवस जेवला नाही, हे सगळ्यांत आधी त्यांना कळतं.

लोक मनाचं दुखणं कसं सांगतात, तेही याच काळात कानावर पडतं. "उदास वाटतंय" असं इथं फारसं कोणी म्हणत नाही. "अंगातनं वाफा निघत्यात", "जीव घाबरा होतोय", "डोकं जड झालंय", "हातापायाला मुंग्या येत्यात", "कशातच मन लागंना झालंय" असं म्हणतात. ऐकल्या ऐकल्या हे टेन्शनच आहे असं धरून चालू नका. थायरॉईड, रक्तक्षय, साखरेचे चढउतार यांनीही अगदी असंच होतं. डॉक्टरांनी ते तपासलंय का, हा तुमचा पहिला प्रश्न केसपेपरला असला पाहिजे.

पंधरा मिनिटांची बैठक

आपण कोण ते सांगायचं, किती वेळ आहे ते सांगायचं, बोलायला परवानगी घ्यायची. मग रुग्णाच्या दृष्टीनं आज सगळ्यांत मोठी अडचण कुठली, ते विचारायचं. एकच अडचण धरायची. शेवटी काय ठरलं ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि पुढची तारीख द्यायची. सांगायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नवा माणूस दुसऱ्याच मिनिटाला उपदेश सुरू करतो.

असं धरा की इचलकरंजीतले यंत्रमाग कामगार, वय बावन्न, क्षयरोगाच्या उपचारांचा दुसरा महिना, गोळ्या मध्येच बंद. तुम्ही विचारलंत, "मामा, गोळ्या का बंद केल्या? असं केलं तर रोग वाढतो, माहीत आहे ना?" ते मान हलवतील, "चुकलं" म्हणतील आणि उठून जातील. तेच असं विचारून बघा: "मामा, रोजच्या रोज गोळी घेणं अवघड जातंय असं दिसतंय. नेमकी कुठं अडचण येते?"

"रातपाळी असती न्हवं मॅडम. सकाळी येऊन पडतोय. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतंय. आणि घरात लग्नाची पोरगी हाय, गोळ्यांची पिशवी कुणाला दिसली म्हंजे?"

एका उत्तरात तीन गोष्टी आल्या. मळमळ डॉक्टरांकडे न्यायची, त्यावर तुम्ही काही सांगायचं नाही. गोळीची वेळ पाळीनुसार बदलता येईल का, तेही डॉक्टरांना किंवा क्षयरोग कर्मचाऱ्यांना विचारून ठरवायचं. तिसरी गोष्ट तुमची: गावात कळण्याची भीती. तिच्यावर बसून बोलायचं. घरात कोणाला विश्वासात घेता येईल, पिशवी कुठं ठेवायची, मुलीच्या लग्नाचं नेमकं काय मनात येतं. उपचार साधारण सहा महिन्यांचे असतात आणि पोषणासाठी सरकारकडून दरमहा 1,000 रुपये मिळतात, हे त्यांना माहीत आहे का आणि खात्यावर जमा होतात का, तेही विचारायचं. पैशाची अडचण सुटल्याशिवाय मनाचं बोलणं पुढं सरकत नाही, असे रुग्ण पुष्कळ असतात.

या पद्धतीला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये दारूच्या रुग्णांच्या संदर्भात ती मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. तिच्यातला एक प्रश्न मला फार आवडतो. "गोळ्या नीट घेणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात?" रुग्ण म्हणाला "पाच", की "पाचच का?" असं विचारायचं नाही. "दोन का नाही सांगितलंत?" असं विचारायचं. मग तो स्वतःच कारणं सांगायला लागतो: पोरीचं लग्न बघायचंय, खोकला कमी झालाय, मालकानं कामावर ठेवलंय. आपल्या तोंडून आलेलं कारण माणूस घरी घेऊन जातो.

पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांनीही हे काम चांगलं होतं का? आपल्या शेजारी गोव्यात सांगात या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत हे करून बघितलं. स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या आणि त्याचा उपयोग झाल्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्या समुपदेशकांची बैठक ठरलेल्या आराखड्यानं चालायची आणि तिच्यावर नियमित देखरेख होती. ही दुसरी बाजू विसरून नुसता 'कोणीही करू शकतं' असा अर्थ काढू नका.

प्रश्नावल्या

नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची यादी सगळ्यांत जास्त वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 27. दहा किंवा त्यापुढे गेलं की डॉक्टरांकडे पाठवायचं. चिंतेसाठी जीएडी-7, दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची प्रश्नावली, जिच्यात 8 पासून पुढे धोका धरतात. मराठी रूपांतरं आहेत, ती छापल्याप्रमाणे विचारा. समजलं नाही तर मगच आपल्या शब्दांत उलगडून सांगा. "कामात रस वाटत नाही का?" यावर आजोबा गप्प बसले, तर "भजनाला जायचात, ते सुटलं का? जनावरांकडं बघावंसं वाटतं का?" असं विचारलं की उत्तर येतं. गुणांवरून निदान होत नाही. निदान डॉक्टर करतात.

"औषध पिलं"

पीएचक्यू-9 च्या नवव्या प्रश्नाला नवखे घाबरतात, कारण तो मरणाच्या विचारांबद्दल आहे. काहीजण तो हळूच गाळतात. असं कधीही करू नका. विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. स्पष्ट विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? कसं करायचं ते मनात आलंय का? आज तसं वाटतंय का?"

आपल्याकडे 'औषध पिलं' म्हणजे फवारणीचं औषध पिलं, हे वेगळं सांगावं लागत नाही. शेतकरी घरात तणनाशकाची बाटली गोठ्यात किंवा माळ्यावर असते. म्हणून सुरक्षिततेच्या बोलण्यात हा प्रश्न आलाच पाहिजे: "फवारणीचं औषध कुठं ठेवता? कोण ठेवतं?" ते कुलपात जाईल किंवा काही दिवस शेजाऱ्याकडे जाईल, हे नातेवाइकासमोर ठरवून घ्या. धोका आजचा असेल तर रुग्णाला एकटं सोडायचं नाही, तुम्ही स्वतः डॉक्टरांपर्यंत सोबत जायचं. चिठ्ठी देऊन पाठवलं म्हणजे झालं, असं नाही. घरी जाताना टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक लिहून द्या. ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे, दिवसरात्र आणि मोफत.

वाचलेला रुग्ण आणि त्याचे घरचे पोलिसांना घाबरलेले असतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं हे खरं. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नुसार असं करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरतात आणि त्याला शिक्षा करत नाहीत. हे दोन वाक्यांत शांतपणे सांगितलं तरी घरच्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

सून ऍडमिट असेल आणि सासरची माणसं कॉटभोवती असतील तर तिच्याशी एकटीशी बोलायची सोय सिस्टरांच्या मदतीनं करा. ड्रेसिंगला नेताना, तपासणीला नेताना, कसंही. महिलांसाठी 181 आणि मुलांसाठी 1098 हे क्रमांक पाठ असावेत.

दारू, तंबाखू, मिशरी

रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद करा" असं कधी सांगू नका. अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. त्यात जीवही जातो. पाय मोडून ऍडमिट झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी "भिंतीवर मुंग्या चालल्यात" म्हणत सलाईन ओढायला लागला, हात थरथरताहेत, घाम फुटलाय, तर ते समुपदेशनाचं काम नाही. धावत जाऊन डॉक्टरांना बोलवा.

बायकांना "तंबाखू खाता का?" असं विचारलं की "छे, कधीच नाही" असं उत्तर येतं आणि ते त्यांच्या लेखी खरंच असतं. "मिशरी लावता का? दिवसातनं किती वेळा?" असं विचारा. गरोदर बाईला तर हमखास विचारा. सोडायची तयारी दिसली तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन 1800-11-2356 सांगा.

गुप्तता आणि नोंद

रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. एचआयव्हीबाबत 2017 चा स्वतंत्र कायदा आणखी कडक आहे. गावचा माणूस, नात्यातला माणूस, ओळखीचा डॉक्टर, कोणी विचारलं तरी नाही. पण गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्या बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगायच्या: जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, वरिष्ठ काहीही म्हणोत.

नोंद अशी असावी की उद्या तुम्ही रजेवर असलात तरी दुसऱ्याला पुढं जाता यावं. वरच्या मामांची नोंद साधारण अशी होईल: "पुरुष, 52. क्षयरोग, दुसरा महिना, 9 दिवस गोळ्या बंद. कारणं: रातपाळी, मळमळ, गावात कळण्याची भीती. मरणाचे विचार: विचारले, नाहीत. ठरलं: मळमळीसाठी आज डॉक्टरांना दाखवणे, गोळीची वेळ त्यांच्याकडून ठरवून घेणे. गुरुवारी पत्नीसह भेट." घरातली भांडणं, कोण कोणाला काय म्हणालं, हे सगळ्यांच्या हाती जाणाऱ्या केसपेपरवर लिहायचं नाही.

देवऋषी आणि पूर

"बाहेरचं काहीतरी झालंय" असं म्हणत आलेल्या घराला हसू नका आणि वादही घालू नका. आधी कुठं कुठं जाऊन आलात, काय केलं, किती खर्च झाला, हे ऐकून घ्या. जोतिबाला जायचं असेल तर जाऊ द्या, गोळी मात्र चालू ठेवायची, एवढ्यावर सहमती झाली तरी मोठं काम झालं. मारहाण, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं असं काही चाललेलं असेल तर ती श्रद्धेची गोष्ट राहत नाही, वरिष्ठांना ताबडतोब सांगा. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा अशाच प्रकारांसाठी आहे.

कोल्हापुरात काम करायचं तर पुराची तयारी हवीच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर करवीर, शिरोळकडच्या बऱ्याच माणसांना पावसाचा जोर वाढला की झोप लागत नाही. निवारा केंद्रात गेलात तर मानसिक प्रथमोपचाराची तीन कामं लक्षात ठेवा: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणालाही "काय काय झालं ते सांगा" म्हणून खणत बसू नका. जनावरं कुठं आहेत, बीपीच्या गोळ्या वाहून गेल्यात का, मुलाचा फोन लागतोय का, इथून सुरुवात करा.

देखरेख आणि नोकरी

आठवड्यातून एकदा तरी अनुभवी माणसासमोर आपल्या केसेस मांडायची सोय हवी. विभागात कोणी नसेल तर मानसोपचार विभागातल्या वरिष्ठांना विनंती करा किंवा आपल्या महाविद्यालयातल्या शिक्षकांना विचारा. रुग्णाची ओळख लपवून मांडायचं. एखाद्या रुग्णाचा विचार रात्री घरी जेवतानाही डोक्यातून जात नसेल, तर तीच केस आधी मांडा.

सरकारी जागा बहुतेक करार पद्धतीच्या असतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर येतात, एचआयव्ही कार्यक्रमाच्या महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडून. मुदत कमी असते, म्हणून पदवी, गुणपत्रकं, अधिवास आणि क्षेत्रकार्याचं प्रमाणपत्र एका फाईलमध्ये तयार ठेवा. गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यात जायचं असेल तर थोडी कन्नड, औद्योगिक वसाहतींजवळ काम असेल तर हिंदी आली तर उत्तम.

खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेलात तर पगाराबरोबर दोन गोष्टी विचारून घ्या: बोलायला दार लागणारी खोली मिळेल का, आणि अडचणीच्या केससाठी फोन करायचा तो मानसोपचार तज्ज्ञ कोण. दोन्हींचं उत्तर गुळमुळीत आलं तर रुजू व्हायच्या आधी ते लेखी मागा.